मणके जुळताना: संगणकातलं हाड आणि फडावरचा भार

(अंबाजोगाईत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मणके जोडण्याचं ऑपरेशन झालं की घरच्यांना वाटतं, स्क्रू बसले, रॉड बसला, झालं काम. खरं काम तिथून पुढे असतं. धातू फक्त तात्पुरता आधार देतो. दोन मणक्यांमधून सलग हाड धरावं लागतं, आणि त्याला सहा महिने, कधी वर्षही लागतं. हाड धरलंच नाही तर रोजचा सगळा ताण धातूवर येत राहतो. मग स्क्रू सैल होतो, नाहीतर रॉड तुटतो. १९११ साली न्यूयॉर्कमध्ये हिब्स आणि आल्बी यांनी मणक्याच्या क्षयासाठी ही शस्त्रक्रिया केली, तेव्हा त्यांची सगळी भिस्त रुग्णाच्या हाडावरच होती.

हाड कुठे वाढेल हे भार ठरवतो. जर्मन सर्जन यूलियस वोल्फ यांनी १८९२ मध्येच हे मांडलं. पुढे स्वित्झर्लंडचे संशोधक पेरेन यांनी त्याला आकडे दिले: जुळणाऱ्या फटीत ताणामुळे होणारा बदल सुमारे २ टक्क्यांच्या आत राहिला तर हाड टिकतं, १० टक्क्यांपर्यंत कूर्चा (लवचीक, मऊ हाड) तग धरते, त्यापुढे मऊ, तंतुमय ऊतीच उरतात. म्हणजे हालचाल फार झाली तरी नुकसान, आणि भार अजिबात पोचला नाही तरी नुकसान.

आता हे संगणकात कसं उतरतं ते बघा. सीटी स्कॅनच्या प्रत्येक ठिपक्याला एक आकडा असतो: पाण्याला शून्य, हवेला उणे हजार, हाडाला शेकड्यांत. आकड्यावरून घनता काढायची, घनतेवरून कडकपणा. मग मणके, मधला केज (दोन मणक्यांमध्ये बसवतात ती पोकळ चौकट), तिच्यात कलम केलेलं हाड, स्क्रू, सगळं लाखो बारीक तुकड्यांत विभागायचं आणि वरून भार द्यायचा. प्रत्येक तुकडा किती दबला, किती ताणला गेला ते काढायचं. इथे कूर्चा होईल, इथे हाड होईल, असा नियम लावून त्या तुकड्याचा कडकपणा बदलायचा. तो बदलला की भाराची वाटही बदलते, म्हणून पुन्हा पहिल्यापासून गणित. अशी एक फेरी म्हणजे रुग्णाचा साधारण एक दिवस धरतात.

यातून केजबद्दल फार मोलाचं कळतं. टायटॅनियमचा कडकपणा सुमारे ११० गिगापास्कल, पीक नावाच्या प्लास्टिकचा ३ ते ४, आणि आपल्या कठीण हाडाचा २० च्या आसपास. भरीव टायटॅनियम भार स्वतःच घेऊन टाकतं आणि आतलं कलम उपाशी राहतं. म्हणून आता जाळीदार टायटॅनियमचे केज बनवतात.

पण मला काळजी आहे ती वरून दिलेल्या भाराची. हा आकडा येतो कुठून? जर्मनीतल्या उल्म इथे विल्के आणि सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या दोन मणक्यांमधल्या चकतीत सेन्सर बसवून दाब मोजला. १९९९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. नुसतं उभं राहिल्यावर ०.५ मेगापास्कल. २० किलोचं ओझं गुडघे वाकवून उचललं तर १.७, कंबरेत वाकून उचललं तर २.३. एकाच धडधाकट माणसाचे हे आकडे आजही जगभर वापरले जातात.

धारूर, वडवणी, पाटोद्याच्या ऊसतोड कामगाराची मोळी २० किलोहून बरीच जड असते. ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं, तेही दिवसभर. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, त्यामुळे ऑपरेशन झालेली बाई विचारते, "डॉक्टर, दसऱ्यानंतर टोळीबरोबर जाता येईल का?" चालणं, बसणं, उठणं एवढेच भार दिलेल्या मॉडेलला या प्रश्नाचं उत्तर देता येणार नाही. मॉडेलला फळीवरची तिसरी-चौथी पायरी, मान ताठ, पाय घसरू नये म्हणून आवळलेली कंबर, हे सगळं आकड्यांत मिळायला हवं.

हे अवघड नाही. कंबरेला आणि पाठीला लावायचे हालचालीचे सेन्सर आता स्वस्त झालेत, तळपायाखालचा दाब मोजता येतो. ऑपरेशन झालेल्या माणसाला ओझं द्यायचं नाही. धडधाकट तोडकऱ्यांना नीट समजावून, त्यांच्या संमतीने, फडावरच मोजायचं. वाकण्याचे कोन आणि मोळीचं वजन मिळालं की स्नायूंचं गणित करून मणक्यावरचा भार काढता येतो. इथे इंजिनिअरिंगची मुलं बसली आहेत, वैद्यकीयची बसली आहेत. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी दोघांनी मिळून हा विषय घ्या. हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. परवानग्यांचे अर्ज त्याआधीच करून ठेवा.