फोम भरलेली गाडी

ताशी ८० किलोमीटर वेग. समोर काँक्रीटची भिंत. गाडी त्या भिंतीवर आदळणार, आणि तरीही आतली माणसं वाचली पाहिजेत! १९७०च्या सुमारास अमेरिकी सरकारने मोटार बनवणाऱ्यांपुढे ठेवलेली ही अट.

१९७२ या एका वर्षात अमेरिकेतल्या रस्त्यांवर ५४ हजारांहून जास्त माणसं मेली. तोवर अपघाताचं खापर बहुधा चालकावरच फुटायचं. सरकार आता गाडीकडे बोट दाखवत होतं.

जर्मनी, स्वीडन, जपानमधल्या कंपन्याही कामाला लागल्या. जनरल मोटर्सने तर अशी प्रायोगिक गाडी बनवण्याचं सरकारी कंत्राट १ डॉलरमध्ये घेतलं. निव्वळ दानशूरपणा म्हणून घेतलं असेल, असं वाटत नाही.

प्रायोगिक गाड्या तयार झाल्या, पण अमेरिकेतल्या गाड्यांचं वजन दोन टनांच्या पुढे गेलं. भलेमोठे बंपर, जाडजूड सांगाडा. आतले वाचतील हो, पण समोरून छोटी गाडी आली तर तिच्यातल्यांचं काय? त्यात १९७३ला तेलाचं संकट आलं, आणि एवढं धूड रस्त्यावर आणायचं कुणाला परवडणार?

मेहनत फुकट गेली नाही. स्वीडनच्या व्होल्वो कंपनीच्या १९७२च्या प्रायोगिक गाडीतून पुढे त्यांची २४० ही मोटारींची मालिका घडली.

वजनाचं कोडं मात्र कॅलिफोर्नियातल्या मिनीकार्स या लहानशा कंपनीने सोडवलं. तिथल्या डॉन फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरकारसाठी गाडी बनवताना पातळ पत्र्याच्या पोकळ पेट्या जोडून सांगाडा केला आणि त्यात फोम भरला. धडक बसली की पत्रा चुरगळतो, पण फोममुळे एकदम बसत नाही. हळूहळू दबत जातो, आणि त्या दबण्यातच धडकेचा बराचसा जोर खर्च होतो. उरलेला एअरबॅग झेलते. पंखासारखी वर उघडणारी दारं, हवा गेली तरी धावणारे टायर, आणि एवढं सगळं असून वजन ११०० किलोंच्या आसपास. ८० किलोमीटरची धडक या गाडीने पचवली.

१९८०च्या दशकात सरकारचं धोरण बदललं. १९९०च्या सुमारास सरकारी खात्याने, मिनीकार्सच्या या गाड्या आता कालबाह्य झाल्या म्हणत, स्वतःकडच्या शिल्लक गाड्या मोडून टाकल्या. करंटेपणाच हा. ज्यांच्यातून आणखी शिकता आलं असतं, त्याच भंगारात गेल्या. दोन गाड्या तेवढ्या बचावल्या.

पुढच्या दोन्ही सीटसाठी एअरबॅग अमेरिकेत सर्व नव्या मोटारींना सक्तीच्या झाल्या, त्या १९९८च्या मॉडेलपासून.