पाण्यावरच्या रेघा

[दृश्य: खवळलेला समुद्र. हेलिकॉप्टरमधून टिपलेलं एक मालवाहू जहाज. डेकवर माणूस नाही.]

निवेदन:
या जहाजावर आता कुणीही नाही. ३१ जानेवारी २०२२. उत्तर समुद्र, नेदरलँड्सचा किनारा. वादळात 'ज्युलिएटा डी'चा नांगर तग धरू शकला नाही. ते शेजारच्या टँकरवर आदळलं आणि इंजिनघरात पाणी शिरलं. १८ खलाशांना हेलिकॉप्टरनं वर उचललं आणि हे धूड एकटंच वाहत निघालं. ज्या दिशेला वारा, त्याच दिशेला पवनचक्क्यांची उभारणी चालू होती. आधी एका खांबाला धडक, मग वीज गोळा करणाऱ्या फलाटाच्या पायाला. शेवटी टगबोटींनी त्याला दोर बांधून रॉटरडॅमला ओढत नेलं.

जहाजांनी नांगर टाकून थांबायची जागा इथे, पवनचक्क्या तिथे, आणि मधे वाऱ्याला मोकळं रान. नकाशावर हा शेजार कुणाला खटकला नसता.

[दृश्य: ड्रोन. शांत पाणी, क्षितिजापर्यंत काहीच नाही.]

आपल्याला समुद्र असा दिसतो. रिकामा. खरं तर कुठे काय चालेल, याची त्याच्यावर वाटणी चालू आहे. ही त्या वाटणीची गोष्ट.

[दृश्य: मोठं टेबल. नकाशावर एकेक पारदर्शक कागद ठेवणारे हात.]

हा बेल्जियमच्या वाट्याचा समुद्र. किनारा जेमतेम ६५ किलोमीटर, पाणी सुमारे ३,४५० चौरस किलोमीटर. पहिला कागद जहाजांच्या मार्गांचा. दुसरा केबल आणि गॅसच्या नळांचा. तिसऱ्यावर वाळू उपसायच्या जागा. इमारतींना लागणारी वाळू इथल्या तळातूनही येते. मग मासेमारी. मग नौदलाचा सराव. मग संरक्षित निसर्ग. कोपऱ्यातला तो छोटा पंचकोन पाहा. नाव पार्डनमार्क्ट, म्हणजे घोडेबाजार. पहिल्या महायुद्धानंतर उरलेला हजारो टन दारूगोळा, विषारी वायूच्या गोळ्यांसकट, इथे बुडवला. तो अजून तिथेच आहे. इथे नांगर टाकायचा नाही, जाळंही टाकायचं नाही.

सगळे कागद एकावर एक ठेवले की खालचं पाणी दिसेनासं होतं.

बेल्जियमनं २०१४ साली या कागदांचा एक कायदेशीर आराखडा केला. दर सहा वर्षांनी तो पुन्हा उघडायचा, असंही त्यातच ठरवून टाकलं. त्याच वर्षी युरोपीय संघानं किनारा असलेल्या सगळ्या सदस्य देशांना मार्च २०२१ पर्यंतची मुदत दिली: आपापल्या समुद्राचा आराखडा करा. बेल्जियमचा दुसरा आराखडा २०२० मध्ये आला. या कामाला 'सागरी अवकाश नियोजन' असं जड नाव आहे. खरं काम मात्र वाटणीचं, आणि वाटणी म्हटली की भांडण आलंच.

[दृश्य: तोच नकाशा, आता उभा छेद. पृष्ठभाग, पाण्याचा थर, तळ.]

जमिनीच्या वाटणीची सवय इथे उपयोगी पडत नाही. एकाच जागेत वरून जहाज जातं, मधून माशांचा थवा, तळातून केबल. आज थवा इथे असेल, दोन महिन्यांनी आणखी कुठे. त्यातून संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या समुद्र कायद्यानं किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या संपत्तीवर देशाला हक्क दिला, पण त्या पट्ट्यातून जायचा परक्या जहाजांचा हक्क तसाच ठेवला. थोडक्यात, सात-बारा तुमच्या नावावर आणि वहिवाट साऱ्या जगाची.

[दृश्य: हाताच्या तळव्यावर केबलचा कापलेला तुकडा.]

खोल समुद्रातली इंटरनेटची केबल एवढीच जाड असते, बागेला पाणी घालायच्या नळीइतकी. मधे केसासारखे काचेचे तंतू. ती तुटते बहुतेक वेळा नांगरामुळे किंवा तळ खरवडत जाणाऱ्या जाळ्यामुळे. शार्क चावल्याच्या गोष्टी फक्त सांगायला बऱ्या.

[दृश्य: ॲनिमेशन. बॉस्टन बंदराकडे जाणारा जहाजांचा पट्टा; लाल ठिपके म्हणजे देवमासे.]

आता अटलांटिकच्या पलीकडे. बॉस्टन बंदराचा जलमार्ग स्टेलवॅगन बँक या उथळ भागावरून जात होता. देवमासे चरायला यायचे तेही तिथेच. संशोधकांनी २५ वर्षांच्या नोंदी काढल्या: कुठे, कधी, किती देवमासे दिसले. सगळे ठिपके एका नकाशावर टाकल्यावर लक्षात आलं की गर्दी सगळीकडे सारखी नाही. पट्टा जरासा उत्तरेला वळवला, तर तो कमी गर्दीच्या पाण्यातून जाईल.

[ॲनिमेशन: पट्टा वळतो. चार सेकंद निवेदन नाही.]

१२ अंश. १ जुलै २००७ पासून जहाजं या नव्या वाटेनं जातात. एका फेरीला १० ते २२ मिनिटं जास्त लागतात. जहाजाच्या धडकेचा धोका राइट व्हेल या दुर्मिळ जातीसाठी ५८ टक्क्यांनी आणि एकूण बलीन देवमाशांसाठी (दातांऐवजी तोंडातल्या गाळणीनं खाणारे) ८१ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज होता. २५ वर्षं कुणीतरी कंटाळा न करता बोटीवरून वह्या भरत राहिलं, म्हणून हे जमलं.

[दृश्य: संगणकाचा पडदा. हिरव्या ठिपक्यांची वाहतूक.]

मोठी जहाजं आपलं नाव, जागा आणि वेग रेडिओवरून सतत कळवत असतात. नियोजनाच्या टेबलावर ही माहिती आयती येते. युरोपात १५ मीटरपेक्षा लांब मासेमारी बोटींनाही हे यंत्र सक्तीचं आहे. त्याहून लहान बोट मात्र या पडद्यावर बहुधा नसतेच. तिची रोजची जागा इथे कोरी दिसते, आणि कोरी जागा दिसली की कुणाच्यातरी हातातली पेन्सिल पुढे सरकते.

[दृश्य: पहाट. लहान बोटीची केबिन. सुकाणूजवळ मेणकापडात गुंडाळलेली वही.]

या वहीत कुठे, कोणत्या महिन्यात, भरतीच्या कोणत्या वेळी जाळं टाकायचं ते आहे. कॅमेरा जवळ गेला तसा कप्तानानं पानावर पंजा ठेवला. हसला, पण पंजा काढला नाही. जागा सांगितल्या तर उद्या तिथे दहा बोटी. नाही सांगितल्या तर नकाशावर जागा कोरी. नियोजनाच्या बैठकीत त्यानं नेमकं काय करायचं?

[दृश्य: थॉर्नटन बँक, बेल्जियमच्या समुद्रातला वाळूचा उथळ भाग. पवनचक्क्यांची रांग, पाती फिरताहेत.]

२०२० च्या अखेरीस बेल्जियमच्या पाण्यात ३९९ पवनचक्क्या झाल्या, एकूण क्षमता २,२६२ मेगावॅट. पहिल्या सहा २००९ मध्ये इथेच, किनाऱ्यापासून सुमारे ३० किलोमीटरवर उभ्या राहिल्या. या क्षेत्रात मासेमारीला बंदी आहे, त्यामुळे बोटी दुसरीकडे गेल्या आणि तिथली गर्दी वाढली.

[दृश्य: पाण्याखाली. खांबाचा पाय.]

खाली पाहा. खांबाच्या वरच्या भागावर काळ्या शिंपल्यांची साल चढलीय, बोट शिरायला फट नाही. त्याखाली समुद्रफुलं. पायथ्याशी, धूप होऊ नये म्हणून टाकलेल्या दगडांत कॉड मासे घुटमळताहेत. इथे वाळूशिवाय काही नव्हतं. खडक माणसानं आणला.

मग हेच मुद्दाम का करू नये? म्हणून पवनचक्क्यांच्या मधल्या पाण्यात दोर सोडून शिंपल्यांची शेती करून पाहिली गेली. एका जागेत वीजही आणि अन्नही. कागदावर ही सोपी बेरीज आहे. इथे लाटा उंच, दोर जाड लागतो, आणि दोर सुटून पात्याच्या खांबाला गुंडाळला तर विमा कुणाचा, यावर बैठकाच बैठका.

[दृश्य: दोर वर येतो. शिंपल्यांचे घोस, निथळणारं पाणी. फक्त आवाज.]

[दृश्य: पुन्हा तीच लहान बोट. समोर पवनचक्क्या.]

बोटीतल्या पडद्यावर बंदीच्या हद्दीची लाल रेघ आहे. पाण्यावर काहीच नाही, ना बोया, ना दोर. ५०० मीटर अलीकडे यंत्र बीप देतं. कप्तान न बघता सुकाणू फिरवतो, आणि वहीतलं एक पान ओलांडून पुढचं काढतो.