लुननबर्गमध्ये घडलेलं क्रिकेट

कॅनडाच्या पूर्व टोकाला, अटलांटिकच्या काठी नोव्हा स्कोशिया हा प्रांत आहे. त्याच्या दक्षिण किनाऱ्यावरचं हे लुननबर्ग. वस्ती जेमतेम अडीच हजारांची. उतारावरून बंदराकडे धावणारे रस्ते आणि दुतर्फा रंगीत लाकडी घरं. १७५३ मध्ये वसवलेलं हे गाव १९९५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. कॅनडाच्या दहा सेंटच्या नाण्यावर जे शिडाचं जहाज दिसतं, ते ‘ब्लूनोज’ १९२१ मध्ये इथल्याच गोदीत बांधलं गेलं. पिढ्यान् पिढ्या गाव जगलं ते कॉड माशावर. नव्वदच्या दशकात कॉड संपत आला, सरकारनं मासेमारीवर बंदी आणली आणि अटलांटिकच्या या किनाऱ्यावर गावंच्या गावं कामाविना बसली.

अशा गावात २००० साली जेरेमी वेलार्ड यांनी व्हिडिओ गेम बनवणारी एक कंपनी काढली, एचबी स्टुडिओज. मोठ्या शहरांपासून दूर, हॅलिफॅक्सहूनही शंभरेक किलोमीटरवर. आणि या कंपनीनं हातात घेतलं क्रिकेट! जिथं हिवाळ्यात आइस हॉकीशिवाय दुसरा विषय नसतो, त्या देशात.

काम मिळालं ईए स्पोर्ट्स या बड्या गेम कंपनीकडून. नाव, जाहिरात आणि विक्री ईएची, बनवायचं मात्र एचबीनं. ‘क्रिकेट २००४’ आला, मागोमाग ‘क्रिकेट २००५’. जोडीला रग्बीचे गेमही तिथंच तयार होत होते. आणि नोव्हेंबर २००६ मध्ये, ऑस्ट्रेलियात अ‍ॅशेस मालिका सुरू होण्याच्या सुमारास, बाजारात आला ‘क्रिकेट ०७’.

इथं थोडं थांबायला हवं, कारण हा गेम आपल्याकडच्या एका अख्ख्या पिढीनं खेळलाय. सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून, घरच्या साध्या कम्प्युटरवर, सुट्टीत मावसभावाशी कीबोर्ड वाटून घेत. रिची बेनॉ आणि मार्क निकोलस यांची तीच ती कॉमेंट्री अनेकांना आजही तोंडपाठ असेल. फलंदाजीसाठी एचबीनं ‘सेंच्युरी स्टिक’ नावाची पद्धत आणली होती. कंट्रोलरच्या एका काडीनं पाय पुढे टाकायचा की मागे ते ठरवायचं, दुसरीनं फटक्याची दिशा. क्रिकेट कळणाऱ्या माणसानंच विचार करावा अशी ही मांडणी. आधी पाय, मग बॅट. मैदानावर कोच हेच तर सांगत असतात.

त्यात एक उणीव होती. खऱ्या खेळाडूंची नावं वापरायचे परवाने प्रामुख्यानं इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाचे. त्यामुळे भारतीय खेळाडू यायचे ते नावं बदलून. खेळणाऱ्यांनी हे निमूटपणे सोसलं नाही. त्यांनी फाइली उघडल्या, नावं दुरुस्त केली, जर्सी बदलल्या, चेहरे बसवले. आयपीएल सुरू झाली २००८ मध्ये, म्हणजे गेम आल्यानंतर दीड वर्षानं. तरीही चाहत्यांनी ‘पॅच’, म्हणजे गेममध्ये बदल करणाऱ्या फाइली, बनवून आयपीएलचे संघ त्यात आणले आणि पुढेही वर्षानुवर्षं नवे हंगाम भरत राहिले. ईएनं त्यानंतर पीसी आणि कन्सोलसाठी क्रिकेटचा नवा गेम काढलाच नाही. म्हणून हा जुना गेम इतका टिकला. पायाच कच्चा असता, तर त्यावर कुणी एवढी मेहनत घेतली नसती, असं मला ठामपणे वाटतं. त्याचं श्रेय लुननबर्गला द्यायलाच हवं. आपल्या लक्षात राहिलं ते फक्त ईएचं नाव.

दुसऱ्याच्या नावानं काम करणाऱ्या स्टुडिओची अडचण हीच असते. पुढचं काम मिळेल की नाही, हे दूरवरचं कुणीतरी ठरवतं. एचबीनं बरीच वर्षं तशीच काढली. रग्बी केलं, ‘बिग बीच स्पोर्ट्स’ केला, मोठ्या गेमच्या आवृत्त्या जुन्या मशीनसाठी तयार करून दिल्या.

मग २०१४ मध्ये त्यांनी स्वतःच्या बळावर ‘द गोल्फ क्लब’ काढला. महागडे परवाने नव्हते, नामांकित खेळाडू नव्हते. होतं ते मैदान घडवण्याचं साधन. टेकड्या, झाडी, पाणी, वाळूचे खड्डे, सगळं खेळणाऱ्यानं रचायचं आणि इतरांना खेळायला द्यायचं. लोकांनी अशी हजारो मैदानं रचली.

ईए तेव्हा गोल्फमधून मागे सरत होती. ती जागा रिकामी झाली आणि २०१८ मध्ये पीजीए टूरचं, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फ स्पर्धांच्या मालिकेचं, अधिकृत नाव एचबीच्या गेमवर आलं, प्रकाशक होती टूके ही गेम कंपनी. २०२० मध्ये ‘पीजीए टूर टूके२१’ आला. मार्च २०२१ मध्ये टूकेनं स्टुडिओ विकत घेतला आणि त्याच वेळी टायगर वुड्सशी करार जाहीर केला. ज्या वुड्सचं नाव २०१३ पर्यंत ईएच्या गोल्फ गेमवर असायचं, तो आता एचबीच्या ‘टूके२३’च्या मुखपृष्ठावर होता.

स्टुडिओ लुननबर्गचाच राहिला. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘पीजीए टूर टूके२५’ आला, तोही गोल्फचाच.