लॉकरमधला सातवा भाग

(विज्ञानकथेच्या वाचकांपुढे केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

एक म्हातारा आणि एक म्हातारी बागेत आहेत. त्यांच्या तावडीतून नुकतंच एक अवकाशयान निसटलंय. त्यांनी जाळं टाकलं होतं, पण यानातल्या एका माणसाला ते जाळं दिसलं. त्याने दिशा दाखवणारी सगळी माहिती पुसून टाकली आणि यान अंधारात झोकून दिलं. आता ते कुठे आहे हे आत बसलेल्यांनाही ठाऊक नाही. म्हातारा-म्हातारी त्यावरून थोडी कुरबूर करतात, अगदी घरगुती. आणि पुस्तक संपतं.

हे 'चॅप्टरहाउस: ड्यून', 1985 सालचं. फ्रँक हर्बर्ट यांच्या 'ड्यून' या विज्ञानकथा मालिकेतलं सहावं पुस्तक. 11 फेब्रुवारी 1986 रोजी हर्बर्ट गेले, वय 65. यान तिथेच राहिलं.

मी ते वाचलं तेव्हा त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मला ते माहीत होतं. तरीही शेवटचं पान झाल्यावर मी पुढे काही आहे का ते बघितलं. पुढे होतं ते हर्बर्टनी आपल्या बायकोवर, बेव्हर्लीवर, लिहिलेलं छोटंसं मनोगत. त्या 1984 मध्ये गेल्या. गोष्टीतलं जोडपं आणि लगेच मागून हे खरं जोडपं! त्यामुळे काही वाचकांना वाटतं की बागेतली ती दोघं म्हणजे खुद्द हर्बर्ट आणि बेव्हर्ली, आपल्याच पात्रांना 'जा बाबांनो आता' म्हणून सोडून देणारी. मला हे वाचन शंभर टक्के पटत नाही, पण ते सुचावं असा तो शेवट आहे खरा.

आज मला ज्या वैतागाबद्दल बोलायचंय तो इथून सुरू होतो. लेखक गेल्यावर दुसऱ्या कुणी त्याची मालिका पुढे नेली की वाचक चिडतात. बाहेरच्या माणसाला ही चीड पोरकट वाटते. 'आवडत नसेल तर वाचू नका, जुनी पुस्तकं कुठे गेली आहेत का?' हा ठरलेला प्रश्न. प्रश्न बिनतोड वाटतो, पण तो तसा नाही. जुनी पुस्तकं जागेवर राहत नाहीत, हीच तर तक्रार आहे.

हर्बर्ट यांचे चिरंजीव ब्रायन हर्बर्ट आणि त्यांचे सहलेखक केव्हिन अँडरसन यांनी 1999 पासून ड्यूनची पुस्तकं लिहायला घेतली. वडिलांनी सहा लिहिली, या दोघांची पंधराच्या वर गेली. सुरुवात केली ती मागच्या काळापासून, म्हणजे प्रीक्वल. ज्या यानाची सगळे वाट बघत होते ते 2006 आणि 2007 मध्ये आलं, 'हंटर्स ऑफ ड्यून' आणि 'सँडवर्म्स ऑफ ड्यून' या दोन भागांत. ब्रायन यांनी सांगितलेली हकिकत अशी की वडिलांच्या नावावरचे बँकेतले दोन लॉकर उघडले, त्यांत फ्लॉपी डिस्क आणि सातव्या पुस्तकाचा सुमारे 30 पानांचा आराखडा निघाला.

लॉकर, फ्लॉपी, 30 पानं. वाचकाच्या तोंडाला पाणी सुटायला आणखी काय लागतं? पण तो आराखडा जसाच्या तसा वाचकांपुढे कधी आला नाही. म्हणजे सातव्या भागातलं काय वडिलांचं आणि काय पोराचं हे तपासायची सोय नाही. 'हे बाबांच्या टिपणांवर आधारित आहे' हे वाक्य मग ढालीसारखं वापरता येतं आणि त्या ढालीमागे काय आहे ते कुणाला बघता येत नाही.

आता नेमकं बघू. सातव्या भागात उलगडा होतो की बागेतली ती दोघं म्हणजे ओम्नियस आणि इरॅस्मस, दोन विचार करणारी यंत्रं. ही दोन्ही पात्रं कुठून आली? ब्रायन आणि केव्हिन यांच्याच 2002 ते 2004 मधल्या प्रीक्वल त्रयीतून. फ्रँक हर्बर्टच्या सहा पुस्तकांत ही नावं कुठेही नाहीत. आणि सहाव्या पुस्तकाच्या त्याच शेवटच्या प्रकरणात म्हातारा-म्हातारी काय बोलतात? फेस डान्सर, म्हणजे ट्लेलाक्सू नावाच्या जमातीने घडवलेले, कुणाचंही रूप घेऊ शकणारे सेवक, आपल्या धन्यांपासून स्वतंत्र होऊ शकतात हे त्या धन्यांच्या गळी उतरत नाही, असं ती म्हणतात. आणि पुढे: दुसऱ्यांच्या आठवणी शोषून घ्यायची ताकद त्यांनीच तर आपल्याला दिली. आपल्याला! सर्वनामाकडे लक्ष द्या. हर्बर्ट कोड्यात बोलतात, मान्य, पण इथे त्यांनी बऱ्यापैकी सरळ सांगून ठेवलं होतं. चिडलेला वाचक हट्टी नसतो हो. त्याने ते पान चार वेळा वाचलेलं असतं, एवढंच.

याहून मोठी गोष्ट यंत्रांची आहे. 1965 च्या पहिल्या पुस्तकात, सुरुवातीलाच, एक वृद्ध धर्ममाता पंधरा वर्षांच्या पॉलची, म्हणजे कथानायकाची, परीक्षा घेते. पेटीत हात घाल, काढलास तर मरशील. परीक्षा झाल्यावर ती त्याला जुना इतिहास सांगते. माणसांनी आपला विचार यंत्रांवर सोपवला, वाटलं की आपण मोकळे होऊ. झालं काय, तर ज्यांच्या हातात यंत्रं होती त्या दुसऱ्या माणसांनी त्यांना गुलाम केलं. म्हणजे गुलाम करणारी माणसं आहेत, यंत्र हे हत्यार. हर्बर्टची पुढची सगळी पुस्तकं या एका वाक्याच्या उजेडात वाचता येतात: तारणहार, धर्म, बादशहा, जो कुणी 'तुझ्या वतीने मी विचार करतो' म्हणतो त्याच्यापासून सावध राहा.

प्रीक्वलमध्ये या जुन्या इतिहासाचं काय झालं? एक सर्वव्यापी दुष्ट संगणक, त्याच्या हाताखाली यंत्रांच्या फौजा, आणि समोर शूर माणसं. अन्याय नको म्हणून सांगतो, तिथेही आरंभ यंत्रं वापरून सत्ता बळकावणाऱ्या माणसांपासूनच होतो. पण सूत्रं लवकरच यंत्राकडे जातात, आणि मग उरते ती आपण पडद्यावर शंभर वेळा पाहिलेली लढाई. ती रंगत नाही असं माझं म्हणणं नाही. पण शत्रू बाहेर गेला की पहिल्या पुस्तकातल्या त्या म्हातारीचा इशारा बोथट होतो.

एक छोटं उदाहरण देतो, छोटं म्हणूनच बोलकं. 'ड्यून'च्या पहिल्याच प्रकरणाच्या माथ्यावर राजकन्या इरुलानचा उतारा आहे. पॉल कॅलाडन या ग्रहावर जन्मला, पहिली पंधरा वर्षं तिथे राहिला, पण त्याची खरी जागा अर्राकिस, म्हणजेच ड्यून हा ग्रह, असा त्याचा आशय. प्रीक्वलमधल्या 'हाउस कोरिनो'त पॉलचा जन्म होतो बादशहाच्या राजधानीत, केटनवर. पहिल्या पुस्तकाचं पहिलं पान! मग 2008 च्या 'पॉल ऑफ ड्यून'मध्ये आपल्याला इरुलान दिसते ती दंतकथेला सोयीचं असं चरित्र लिहिताना. झालं. आता मूळ पुस्तकात जिथे जिथे अडेल तिथे इरुलान खोटं लिहून गेली म्हणायला वाट मोकळी. चूक कुणाचीही होते. पण चूक निस्तरायला मूळ पुस्तकालाच खोटं पाडायचं?

असिमोव्ह यांचं प्रकरण वेगळं आहे आणि तिथे माझी सहानुभूती थोडी विभागली जाते. फाउंडेशनच्या मूळ कथा 1942 ते 1950 मधल्या. मग तीसेक वर्षं गप्प. प्रकाशकांनी आणि वाचकांनी पिच्छा पुरवला तेव्हा 1982 मध्ये चौथं पुस्तक आलं. 1986 च्या 'फाउंडेशन अँड अर्थ'मध्ये ते येऊन थांबले तेव्हा आकाशगंगेचं साम्राज्य पुन्हा उभं करायच्या हजार वर्षांच्या योजनेतली जेमतेम निम्मी वर्षं सरली होती. पुढे काय हा सगळ्यांचा प्रश्न. असिमोव्ह स्वतः पुढे गेले नाहीत, मागे गेले, ती योजना आखणाऱ्या हॅरी सेल्डनच्या तारुण्याकडे. 1992 मध्ये त्यांचं निधन झालं. त्यानंतर ग्रेगरी बेनफर्ड, ग्रेग बेअर आणि डेव्हिड ब्रिन यांनी 1997 ते 1999 दरम्यान एकेक पुस्तक लिहिलं. तिघेही कसलेले लेखक, बेनफर्ड तर भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. आणि तिघेही पुन्हा सेल्डनच्याच आयुष्यात शिरले! बेनफर्डच्या पुस्तकात संगणकात जिवंत केलेले व्होल्टेअर आणि जोन ऑफ आर्क पानंच्या पानं वाद घालतात. वाद चांगला आहे. पण आम्ही पाचशे वर्षं पुढे जायला तिकीट काढून बसलो होतो.

पुढे जायची भीती का वाटते? पुढे गेलं की उत्तर द्यावं लागतं. मागे गेलं की ओळखीची माणसं तरुण करून दाखवता येतात, आणि शेवट काय होणार ते सगळ्यांना माहीत असल्यामुळे अंगाशी काही येत नाही.

डग्लस ॲडम्स यांच्याबद्दल थोडक्यात. 2001 मध्ये ते 49 व्या वर्षी गेले, 2009 मध्ये त्यांच्या पत्नीच्या संमतीने ओइन कोल्फर यांनी त्यांच्या 'हिचहायकर' या विनोदी विज्ञानकथा मालिकेचा सहावा भाग लिहिला. ॲडम्सना स्वतःलाच पाचव्याचा शेवट फार उदास झाला असं वाटत होतं, तेव्हा हेतू वाईट नव्हता. पण दुसऱ्याचा विनोद पुढे चालवणं म्हणजे दुसऱ्याची शिंक पूर्ण करण्यासारखं आहे.

मगाशी चहाच्या वेळी एकांनी विचारलं, मग कुणी पुढे लिहूच नये का? अहो, लिहावं की. आपण ज्या शब्दाने या प्रकाराला ओळखतो तो शब्दच कुठून आला बघा. बाणभट्टाची 'कादंबरी'. सातव्या शतकातला बाण ती अर्धवट टाकून गेला आणि त्याच्या मुलाने, भूषणभट्टाने, ती पूर्ण केली. म्हणजे मराठीत आपण नॉव्हेलला ज्या पुस्तकाचं नाव दिलं ते पुस्तकच मुळात बापाचं अर्धं आणि मुलाचं अर्धं! मुलाने सुरुवातीला काय म्हटलंय? वडील स्वर्गाला गेले आणि त्यांच्या वाणीबरोबर कथाही खंडली; ती अपुरी राहिल्याचं सज्जनांना दुःख होतंय हे पाहून मी ती हाती घेतली, कवित्वाच्या गर्वाने नाही. आणि आजही ते पुस्तक पूर्वभाग आणि उत्तरभाग असंच छापतात. सांधा दिसतो. उत्तरभाग उतरता आहे असं पंडित म्हणत आले, पण भूषणभट्टावर कुणी दात धरला नाही, कारण बाण कुठे थांबला हे कुणापासून लपवलेलं नव्हतं.

आपल्या काळात याच्या जवळ जाणारं उदाहरण विज्ञानकथेतलं नाही, अद्भुतकथेतलं आहे. रॉबर्ट जॉर्डन 2007 मध्ये गेले, 'व्हील ऑफ टाइम' शेवटाला आलेली. आपण राहणार नाही हे कळल्यावर त्यांनी टिपणं ठेवली, पुढचं सांगून ठेवलं, अखेरचा प्रसंग तर स्वतः लिहिला. त्यांच्या पत्नी हॅरिएट मॅकडूगल याच त्यांच्या संपादक. त्यांनी ब्रँडन सँडरसन यांना निवडलं. एका पुस्तकाची तीन झाली, शेवटचं 2013 मध्ये आलं. सँडरसन यांनी प्रस्तावनेतच सांगून टाकलं की मी त्यांच्या शैलीची नक्कल करणार नाही. वाचकांनी कुरकुर केली, मॅट नावाचं पात्र या तिनांपैकी पहिल्या पुस्तकात बिघडवलं म्हणून बरीच केली, आणि ती रास्त होती. पण ती कुरकुर घरातली. मालिकेचा घात झाला असं फारसं कुणी म्हटलं नाही.

जर्मनीत 'पेरी रोडान' ही विज्ञानकथा मालिका 1961 पासून दर आठवड्याला निघते. ज्या दोघांनी ती सुरू केली ते कधीच गेले, मालिका चालूच आहे. तिथे हा वादच नाही, कारण पहिल्यापासून ती अनेकांची. आणि दुसऱ्या टोकाला विनोदी अद्भुतकथा लिहिणारे टेरी प्रॅचेट. अपुरं लिखाण असलेली माझी हार्ड डिस्क रोडरोलरखाली घाला असं ते सांगून गेले. 2017 च्या ऑगस्टमध्ये खरोखरच जुन्या वाफेच्या रोडरोलरखाली ती चिरडली. नुसत्या रोलरने पुरेशी मोडेना, म्हणून नंतर दगड फोडायच्या यंत्रात घातली. मला ही बातमी वाचून हसू आलं आणि पोटात कालवलंही. त्यात काय होतं?

हे विचारणारा मीच, आणि लॉकर उघडला म्हणून तक्रार करणाराही मीच. वाचकाची ही लबाडी कबूल करायला हवी. आम्हाला शेवट हवाही असतो आणि तो गेलेल्या माणसानेच लिहिलेला हवा असतो. ब्रायन हर्बर्ट यांनी 2003 मध्ये वडिलांचं मोठं चरित्र लिहिलं. ते वाचल्यावर त्यांच्या मायेबद्दल शंका राहत नाही. वारसाने त्यांना नावं मिळाली, ग्रह मिळाले, लॉकरची किल्ली मिळाली. पण वडिलांची पुस्तकं बारकाईने वाचायचं काम त्यांनाही आपल्यासारखंच पहिल्या पानापासून करायला हवं होतं.

शेवटी तुमच्यातल्या एका मुलीने कागदावर लिहून पाठवलेला प्रश्न आहे. 'एवढं बोललात, पण ती दोन पुस्तकं तुम्ही वाचलीत का?'

वाचली. 'हंटर्स' आणि 'सँडवर्म्स', दोन्ही. दुसरं रात्री दोन वाजता संपवलं. त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी 'चॅप्टरहाउस' पुन्हा काढलं, मुद्दाम, चव बदलायला. सगळं व्यवस्थित चाललं होतं. शेवटच्या प्रकरणात बाग आली, म्हातारा-म्हातारी आली, कुरबूर सुरू झाली, आणि त्या म्हातारीच्या चेहऱ्यामागे मला यंत्र दिसायला लागलं. मी पान परत वर जाऊन वाचलं. 'आपल्याला' हा शब्द तिथेच होता. यंत्र तरीही गेलं नाही.