भिंतीत बुजणारं काम

नमस्कार मंडळी. जुन्या घराचं वायरिंग आणि त्यासाठी वायरमन कसा निवडायचा, यावर बोलायला सुरुवात करण्याआधी ही एक वस्तू पुढच्या रांगेत देतो. बघा आणि मागे सरकवा. घाबरू नका, आता त्यात करंट नाही. पॉवर प्लगचं सॉकेट आहे. मूळचं पांढरं. एका भोकाभोवती तपकिरी वलय दिसेल. उलटं केलंत तर प्लास्टिक मेणासारखं ओघळलेलं दिसेल. नाकाजवळ नेलंत तर अजून वास येतो.

हे सॉकेट ज्या घरातून काढलं, त्या घरातल्या लोकांना हा वास दोन महिने येत होता. कुठेतरी उंदीर मेला असेल म्हणून त्यांनी कपाटं हलवली, माळा उपसला. एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच, एकदाही पडला नव्हता. त्यामुळे विजेवर संशय घ्यायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

एमसीबी का पडला नाही, तेवढं समजून घ्या, बाकीचं व्याख्यान विसरलात तरी चालेल. या सॉकेटच्या मागचा एक स्क्रू सैल होता. त्यामुळे वायर आणि पितळी पट्टी यांच्यात नीट संपर्क नव्हता. समजा, त्या जागी अर्धा ओहम रोध तयार झाला. त्यातून गीझरचे १० अँपिअर जायला लागले, की तिथे ५० वॅट उष्णता निर्माण होते: प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे दहाचा वर्ग शंभर, त्याच्या निम्मे पन्नास. तारा झाळायचं, तापणारं सोल्डरिंगचं पेन साधारण तेवढ्याच वॅटचं असतं. म्हणजे भिंतीच्या आत, लाकडाला खेटून, एक सोल्डरिंग पेन रोज सकाळी तासभर चालू. एमसीबीला मात्र फक्त १० अँपिअर दिसतात. तो १६ चा आहे, त्याच्या लेखी सगळं ठीक आहे.

म्हणून ‘आमच्याकडे एमसीबी बसवलेत, आता काळजी नाही’ असं कुणी म्हणालं, की मला काळजी वाटायला लागते. एमसीबी फार उपयोगी यंत्र आहे. ह्यूगो श्टॉट्झच्या कंपनीनं १९२४ साली त्याचं पेटंट घेतलं, आणि त्यानं असंख्य घरं वाचवली असतील. पण त्याला दोनच गोष्टी कळतात, जास्त भार आणि शॉर्ट सर्किट. सैल जॉइंट त्याला कळत नाही. तो कळतो वायरमनच्या हाताला. म्हणून आजचा विषय वायरिंगपेक्षाही माणूस कसा निवडायचा हा आहे.

आता जुन्या घराकडे वळू. जुनं वायरिंग करणारे लोक अडाणी नव्हते. उलट, लाकडी पट्टीवर क्लिपा मारून ओळंब्यात नेलेलं जुनं काम बघितलं, की त्या हाताला नमस्कार करावासा वाटतो. त्यांनी त्यांच्या काळातल्या घराचा हिशेब केला होता: सहा दिवे ६० वॅटचे, चार पंखे ७५ वॅटचे. बेरीज ६६० वॅट. पुरवठा २३० व्होल्टचा धरला तर ३ अँपिअरसुद्धा होत नाहीत. आज त्याच घरात २००० वॅटचा गीझर, १५०० चा एसी, २००० ची इंडक्शन शेगडी, पाणी तापवणारं वॉशिंग मशीन आणखी २०००, इस्त्री १०००. सगळं एकदम चालू झालं तर ८५०० वॅट, म्हणजे ३७ अँपिअरच्या आसपास. प्रवाह जवळजवळ तेरा पट झाला. आणि वायरमध्ये निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे वाढते. जेम्स जूलनं १८४० च्या दशकात मांडलेला हा नियम अजून कुणाला चुकवता आलेला नाही. तेरा पट प्रवाह म्हणजे दीडशेहून जास्त पट उष्णता. मीटरपासून आत येणारी मेन वायर मात्र अनेकदा तीच असते.

त्यात वायरचं आवरण म्हातारं झालेलं. फार जुन्या घरांत रबराची वायर सापडते, वरून सुती वेष्टण असलेली. रबर वाळून कडक होतं. जागच्या जागी असते तोवर ती वायर तग धरून असते. स्विच बदलायला कुणी बोर्ड उघडून ती वाकवली, की आवरण वाळक्या पानासारखं गळून पडतं. म्हणजे दुरुस्तीला हात लावल्यावर बिघाड सुरू. मग लोक म्हणतात, ‘वायरमन येऊन गेला आणि तेव्हापासून त्रास व्हायला लागला.’ दरवेळी त्याचीच चूक असते असं नाही.

अ‍ॅल्युमिनियमची गोष्ट वेगळी. १९६० च्या दशकात तांबं महागलं तेव्हा बऱ्याच देशांत घरांमध्ये अ‍ॅल्युमिनियमची वायर वापरली गेली. धातू वाईट नाही, आजही मोठ्या लाइनी त्याच्याच असतात. पण बारीक वायर स्क्रूखाली दाबली की अ‍ॅल्युमिनियम हळूहळू दबत जातं, तापून-निवून जागा सोडतं, आणि त्यावर जो ऑक्साइडचा थर चढतो तो वीज नीट वाहू देत नाही. आता अशा वायरला नवी तांब्याची वायर नुसती पीळ मारून, वर टेप गुंडाळून जोडली, तर जॉइंट कधी ना कधी जळणार, हे लिहून देतो. अशा जोडासाठी खास कनेक्टर मिळतात. समोरचा वायरमन ते वापरतो का, एवढा एक प्रश्न विचारला तरी माणूस कळतो.

तर माणूस. फोनवर बोलता-बोलता ‘एका पॉइंटचे इतके’ असं सांगून मोकळा होणारा माणूस मी पहिल्याच फेरीत बाद करतो. त्यानं घर बघितलेलं नाही. मेन वायर किती जाडीची, मीटरला मंजूर भार किती, अर्थिंग, म्हणजे गळकी वीज जमिनीत नेणारी वायर, आहे की नाही, भिंतीतले पाइप मोकळे आहेत की गंजून बुजलेत, हे न बघता दर सांगणं म्हणजे नाडी न बघता औषध देणं. पॉइंटचा हिशेब चालतो, पण तो नंतर. आधी पाहणी. त्या पाहणीचे वेगळे पैसे मागितले तर खुशाल द्या. फुकट पाहणी बहुतेक वेळा पाच मिनिटांत उरकते.

पाहणीला आलेला माणूस काय करतो, ते बाजूला उभं राहून बघा. नुसता टेस्टर घेऊन आला असेल तर जपून. टेस्टरचा दिवा लागला म्हणजे तिथे व्होल्टेज आहे, इतकंच कळतं. अर्थिंग खरं आहे का, आवरण शाबूत आहे का, कुठल्या वायरमधून किती प्रवाह जातोय, यातलं काहीही त्यातून कळत नाही. मल्टिमीटर, वायर न तोडता प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर आणि आवरण तपासणारा मेगर ज्याच्या पिशवीत आहेत, आणि पुसून-वापरून गुळगुळीत झालेत, तो माणूस मला आवडतो. तो मेन बंद करून दोन-तीन बोर्ड उघडेल, वायरला हलकेच ओढ देऊन बघेल. ‘हा स्विच न्यूट्रलवर लावलाय’ असं त्यानं पुटपुटलं, तर समजा डोळा तयार आहे. फेज म्हणजे वीज आणणारी वायर, न्यूट्रल म्हणजे परत नेणारी. न्यूट्रलवर स्विच असला, की बटण बंद केलं तरी होल्डरमध्ये फेज जिवंतच राहतो. जुन्या घरात बल्ब बदलताना बसणारे बरेचसे झटके यातून बसतात.

परवाना आहे का, हे विचारायला संकोच करू नका. बहुतेक ठिकाणी हे काम परवानाधारकानंच करावं असा नियम असतो. आणि लगेच दुसरा प्रश्न विचारा: ‘प्रत्यक्ष काम कोण करणार?’ परवाना एकाचा, बोलणी दुसऱ्याची आणि भिंतीशी झटणारा परवा कामाला लागलेला पोरगा, असं फार होतं. पोरांनी शिकावं कुठे, हाही प्रश्न आहेच. मीही तसाच शिकलो. पण शेवटचा स्क्रू आवळून बघणारा हात जाणत्याचा हवा.

माझीच फजिती सांगतो. कामाला लागून तीन-चार वर्षं झाली होती, म्हणजे सगळं येतं असं वाटण्याचं वय. स्वतःच्या घरात फ्यूज सारखा उडायचा. मी किटकॅटमध्ये, म्हणजे फ्यूजच्या चिनीमातीच्या खोबणीत, दुहेरी तार घातली. फ्यूज उडायचा थांबला. वर्षभरानं पट्टीमागची वायर काढली तर आवरणाचा भुगा हातात आला. फ्यूज बिचारा ओरडून सांगत होता, आणि मी त्याचं तोंड बांधलं होतं. आज तेच काम दुसऱ्या रूपात होतं: १६ चा एमसीबी पडतो, तर ३२ चा बसवा. मागे वायर तीच. वायर वाढवल्याशिवाय एमसीबी वाढवणारा माणूस कितीही गोड बोलत असला तरी त्याला चहा पाजून परत पाठवा.

साधारण हिशेब लक्षात ठेवा. तांब्याच्या वायरी धरू. दिव्या-पंख्यांना दीड स्क्वेअर एमएम जाडीची वायर आणि त्यावर १० अँपिअरचा एमसीबी. पॉवर प्लगला अडीच आणि १६ चा. गीझर, एसी, शेगडी यांना प्रत्येकी स्वतंत्र सर्किट, भार मोठा असेल तर चार स्क्वेअर एमएम. नेमका आकडा वायरची लांबी, एका पाइपातल्या वायरींची गर्दी आणि तिथलं तापमान यावर ठरतो. तो त्याला ठरवू द्या, पण का ठरवला ते सांगायला लावा.

अर्थिंगबद्दल एक लबाडी सांगतो. तीन भोकांचं सॉकेट आहे, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नाही, असं जुन्या घरात सर्रास सापडतं. ते निदान प्रामाणिक म्हणायचं. त्याहून वाईट म्हणजे सॉकेटच्या आतच न्यूट्रलवरून एक छोटा तुकडा अर्थच्या पिनला जोडून देणं. तपासणीचा छोटा प्लग लावला तर तो सगळं ठीक दाखवतो. पण कधी मागे न्यूट्रल तुटला, तर फ्रिजची, वॉशिंग मशीनची अख्खी बॉडी फेजला येते. म्हणजे संरक्षण म्हणून लावलेली वायरच झटका देते. बोर्ड उघडल्याशिवाय हे दिसत नाही.

आरसीसीबी नावाच्या, गळती ओळखणाऱ्या स्विचचंही तसंच. आत जाणारा आणि परत येणारा प्रवाह यांत फरक पडला, म्हणजे कुणाच्या तरी अंगातून वीज जमिनीत चालली असू शकते, असं ओळखून तो पुरवठा तोडतो. माणसांच्या संरक्षणासाठी ३० मिलिअँपिअरचा वापरतात. तेवढी गळती झाली तर ०.३ सेकंदाच्या आत तो पडलाच पाहिजे. आता जुन्या घरात हा बसवला की बहुतेक वेळा पहिल्याच दिवशी पडत राहतो. कारण जुन्या वायरमननी हाताशी आला तो न्यूट्रल घेतलेला असतो, या खोलीचा त्या खोलीला, त्यामुळे आरसीसीबीतून गेलेला प्रवाह दुसऱ्याच वाटेनं परत येतो. किंवा कुठेतरी ओल धरलेली वायर खरंच गळत असते. इथे वायरमनची परीक्षा असते. कच्चा माणूस म्हणतो, ‘साहेब, पीसच खराब आहे, डायरेक्ट करून देतो.’ पक्का माणूस एकेक सर्किट सोडवून दिवसभर न्यूट्रल शोधत बसतो. त्या दिवसात डोळ्यांना दिसेल असं काहीच काम होत नाही. आणि आपण मजुरी द्यायला कुरकुरतो ती नेमकी त्याच दिवसाची.

काम सुरू झाल्यावर घरात धूळ होते, दोन-तीन दिवस अंधार होतो, शेजारी तक्रार करतात, त्याबद्दल मी जास्त बोलत नाही. एकच आग्रह. भिंतीत खाचा पाडून पाइप टाकून झाले, की प्लास्टर करायच्या आधी मोजायची टेप लावून प्रत्येक भिंतीचे फोटो काढा. जमिनीपासून किती, दारापासून किती, हे फोटोत दिसलं पाहिजे. पुढे कधी खिळा ठोकताना त्या फोटोंची आठवण येईल. पाइपात वायरचा जोड नको; जोड असलाच तर उघडता येईल अशा बॉक्समध्ये.

आणि मेगर. सगळी उपकरणं काढून, ५०० व्होल्ट डीसी सोडून आवरणाचा रोध मोजतात. घरगुती सर्किटला तो निदान १ मेगओहम यायला हवा, नव्या वायरिंगला त्याच्या कितीतरी पट येतो. प्रत्येक सर्किटचा आकडा कागदावर लिहून घ्या, खाली सही घ्या. पैशांचा शेवटचा हप्ता या कागदानंतर. डीबीच्या, म्हणजे सगळे एमसीबी असलेल्या पेटीच्या, दाराच्या आत कुठला एमसीबी कशाचा, ते लिहून घ्या. ‘हॉल १, हॉल २’ असं नको; रात्री अंधारात ‘हॉल २’ म्हणजे काय ते कुणालाच आठवत नाही.

काही विचारायचंय का? हो, ताई, बोला.

ताईंचा प्रश्न असा, की घर भाड्याचं आहे, मालक वायरिंगला हात लावू देत नाहीत, तर काय करायचं.

अवघड आहे, पण हात बांधून बसायची वेळ नाही. मालकांना सांगून निदान ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. अर्थिंग नसलं तरी तो अंगातून जाणारी गळती ओळखतो, कारण त्याला अर्थच्या वायरची गरज नसते. मग एका जाणत्या माणसाला अर्धा दिवस बोलवा, मेन बंद करून सगळे बोर्ड उघडायला लावा आणि प्रत्येक स्क्रू आवळून घ्या. भिंत फोडायची नाही, वायर बदलायची नाही, त्यामुळे मालकांची हरकत असायचं कारण नाही. गीझर आणि इस्त्री एकाच वेळी लावू नका. एक्स्टेन्शन बोर्डावर हीटर तर नकोच. आणि पंधरा दिवसांतून एकदा, गीझर अर्धा तास चालल्यावर तो बंद करा आणि प्लग काढून त्याच्या पिनांजवळ उलटा हात धरून बघा. जरा कोमट असेल तर ठीक. चटका बसला तर दुसऱ्याच दिवशी सॉकेट बदला.

त्यावरून आठवलं, माझं सॉकेट कुठवर गेलंय? शेवटच्या रांगेत? या काकांकडे आहे वाटतं. परत द्या हं. ज्या घरातलं आहे त्यांनी ते मागून ठेवलंय.