हद्द आणि हिशेब

(दृश्य : सकाळची वेळ. हॅरिस पुलावरून दापोडीकडे जाणारी पीएमपीची भरलेली बस.)

बोपोडी आणि दापोडी यांच्यामधून मुळा नदी वाहते. तिच्यावरच्या हॅरिस पुलावरून रोज सकाळी कामाला जाणाऱ्या माणसांपैकी बहुतेकांना आपण एका महानगरपालिकेची हद्द ओलांडून दुसरीच्या हद्दीत शिरलो, याची दखल घ्यायला सवड नसते. रस्ता तोच असतो, बस तीच असते, आणि दोन्ही काठांवरचे नाले ज्या नदीला जाऊन मिळतात ती नदीही एकच असते. पुणे आणि पिंपरी-चिंचवड यांच्यामधली रेषा रस्त्यावर स्वागताच्या पाटीपुरती उरली आहे. तिचा खरा अंमल चालतो तो अंदाजपत्रकात. कोणत्या काठावरचा कर कोणत्या तिजोरीत जमा व्हायचा आणि कोणत्या काठावरचा भार कोणी वाहायचा, हे ती रेषा ठरवते.

काही वर्षांपूर्वीपर्यंत ही रेषा डोळ्यांनाही दिसत होती. जकात नाक्यावर मालट्रकांची रांग लागलेली असे, हातात बिल्टी आणि बिले घेऊन चालक खिडकीपाशी ताटकळत उभे असत, आणि पावती मिळाल्याशिवाय गाडी पुढे सरकत नसे. शहरात येणाऱ्या मालावरचा हा कर असल्यामुळे त्याचा हिशेब सरळ होता : जेथे कारखाना तेथे कच्चा माल, आणि जेथे कच्चा माल तेथे जकात. 1954 मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, साठच्या दशकात औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत आली, आणि तिच्याबरोबर टेल्को व बजाज यांच्यासारखे मोठे उद्योग आले. 1970 मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या चार गावांची मिळून नगरपालिका झाली आणि 1982 मध्ये तिची महानगरपालिका झाली. जकातीच्या जोरावर ही महापालिका आशियातील श्रीमंत महापालिकांमध्ये गणली जाऊ लागली. त्या पैशातून तिने रुंद रस्ते आणि उड्डाणपूल बांधले, आणि त्याबद्दल तिचे कौतुकच केले पाहिजे. परंतु त्या कारखान्यांत काम करणारे अनेक कामगार पुण्यात राहत होते, पुण्याचे पाणी पीत होते आणि पुण्याच्या शाळांत मुले घालत होते. त्यांच्या श्रमातून वाढलेली जकात मात्र नदीच्या पलीकडेच राहत होती. यात कोणी कोणाची फसवणूक केली नव्हती. हद्दच तशी आखलेली होती.

1 एप्रिल 2013 पासून या दोन्ही शहरांत जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला. 2015 मध्ये बहुतांश व्यापाऱ्यांपुरता तोही रद्द झाला, आणि 1 जुलै 2017 पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर महापालिकांच्या हाती राहिली ती राज्य सरकारकडून दरमहा येणारी भरपाई. ही भरपाई 2016-17 या वर्षाचे उत्पन्न पाया मानून आणि त्यावर दरवर्षी 8 टक्के वाढ धरून ठरते. म्हणजे ज्या शहरात जकात भरपूर होती त्याचा पाया उंच राहिला, आणि ज्याची कमी होती त्याचा बुटका. हद्दीबाहेरच्या ज्या ग्रामपंचायतींत प्रत्यक्ष लोकवस्ती वाढत होती, त्यांना या हिशेबात जागाच नव्हती, कारण त्यांच्याकडे बुडायला जकातच नव्हती.

या बदलाचा आणखी एक परिणाम झाला आणि तो फारसा बोलला जात नाही. भरपाई ठरीव झाल्यावर स्थानिक संस्थेला स्वतःच्या बळावर वाढवता येण्याजोगी उत्पन्ने उरली ती मुख्यतः मिळकतकर आणि बांधकाम परवानगीचे शुल्क ही. दोन्ही जमिनीला आणि इमारतींना चिकटलेली, म्हणून दोन्ही पुन्हा हद्दीला बांधलेली. पूर्वी प्रत्येकाला आपल्या हद्दीत कारखाना हवा होता. आता प्रत्येकाला आपल्या हद्दीत इमारत हवी असते, आणि त्या इमारतीतून निघणारा कचरा, सांडपाणी व वाहने शक्य तितकी दुसऱ्याच्या हद्दीत जावीत असे वाटत असते.

हिंजवडीला संध्याकाळी उभे राहिले की हे दिसते. माहिती तंत्रज्ञानाचे संकुल औद्योगिक विकास महामंडळाचे, गावाचा कारभार ग्रामपंचायतीचा, नियोजन पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे, आणि तेथे काम करणारी माणसे राहायला वाकडला, बाणेरला, बालेवाडीला. म्हणजे दोन वेगवेगळ्या महापालिकांत. पावसाळ्यात रस्त्यावर गुडघाभर पाणी साचले की ते कोणाच्या अखत्यारीतले, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

(दृश्य : फुरसुंगी परिसर. कचऱ्याच्या टेकडीवर घिरट्या घालणाऱ्या घारी. पुढ्यात शेत, आणि शेतात एक विहीर.)

परंतु हद्दीची किंमत सर्वांत जास्त कोणी मोजली असेल, तर ती उरुळी देवाची आणि फुरसुंगी या दोन गावांनी. 1981 च्या सुमारास पुण्याचा कचरा उरुळी देवाचीच्या खाणींच्या जागेत येऊ लागला आणि पुढे डेपोचा विस्तार दीडशे एकरांच्या पलीकडे गेला. शहराच्या पेठांतून, उपनगरांतून, मंडयांतून निघालेला ओला आणि सुका कचरा एकत्रच या टेकड्यांवर पडत राहिला. पावसात त्यातून झिरपणारे काळे पाणी जमिनीत मुरले आणि आसपासच्या विहिरींचे पाणी पिण्यायोग्य राहिले नाही. आपल्याच शेतातल्या विहिरीच्या कठड्याशी उभे राहून, पिण्यासाठी टँकरची वाट पाहणे म्हणजे काय, हे या परिसरातल्या माणसांना विचारावे. माशा आणि दुर्गंधी यांमुळे गावात सोयरीक जमणे अवघड होते, असे गावकरी सांगत आले आहेत, आणि हे वाक्य आम्हांला कोणत्याही प्रदूषण अहवालाहून अधिक बोलके वाटते. या सगळ्या काळात ही गावे महापालिकेच्या हद्दीबाहेर होती. ज्या शहराचा कचरा ती सोसत होती त्या शहराच्या मिळकतकरावर त्यांचा हक्क नव्हता, आणि त्या शहराच्या सभागृहात त्यांचे मतही नव्हते. त्यांच्या हाती एकच उपाय होता, रस्त्यावर उतरून गाड्या अडवण्याचा. 2017 च्या एप्रिलमध्ये डेपोला आग लागल्यानंतर त्यांनी सुमारे तीन आठवडे तो वापरला, तेव्हा पुण्यात कोपऱ्याकोपऱ्यावर कचरा साचला आणि शहराला या दोन गावांची नावे आठवली.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये पुणे महापालिकेत 11 गावे समाविष्ट करण्यात आली आणि त्यांत ही दोन्ही गावे होती. आता कर आणि कचरा एकाच हिशेबात आले, असे वाटण्याजोगी ती घटना होती. प्रत्यक्षात ग्रामपंचायतीच्या मानाने कितीतरी जास्त मिळकतकराची बिले आधी आली, आणि पाणी, रस्ते, सांडपाणी वाहिन्या यांची कामे मागे राहिली. गावांतून पुन्हा विरोध सुरू झाला, या वेळी महापालिकेतून बाहेर पडण्यासाठी. अखेर 2024 मध्ये फुरसुंगी-उरुळी देवाची अशी स्वतंत्र नगरपरिषद झाली. म्हणजे चाळीस वर्षांच्या आसपास शहराचा कचरा सोसलेली गावे आज एका छोट्या नगरपरिषदेच्या हद्दीत आहेत, आणि तो कचरा ज्या घरांतून व दुकानांतून आला त्यांचा कर दुसऱ्या तिजोरीत जमा होतो.

शहर वाढले की गावे पोटात घ्यायची, हा एकच मार्ग आपण आजवर वापरत आलो आहोत. 1997 मध्ये 38 गावे घेण्याचा निर्णय झाला आणि विरोधामुळे त्यांतली काही पुढे वगळावी लागली. 2017 मध्ये 11 आली. 30 जून 2021 रोजी वाघोली, मांजरी बुद्रुक, नऱ्हे, सूस, म्हाळुंगे यांच्यासह 23 गावे आली आणि पुणे महापालिका क्षेत्रफळाने राज्यातली सर्वांत मोठी झाली. पण या 23 गावांसाठी नियोजनाचे अधिकार सरकारने महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे ठेवले. बांधकाम परवानगीचे शुल्क एका संस्थेकडे गेले, आणि त्या बांधकामांत राहायला आलेल्या कुटुंबांना पाणी व रस्ते देण्याची जबाबदारी दुसऱ्या संस्थेकडे आली. शिवाय मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर बराच काळ प्रशासकाचा कारभार राहिल्यामुळे ही तक्रार मांडायला या गावांना स्वतःचा नगरसेवकही नव्हता.

वाघोलीतल्या एखाद्या सोसायटीच्या फाटकापाशी सकाळी सहा वाजता थांबावे. टँकर मागे मागे येत टाकीपाशी उभा राहतो, जाड निळी नळी टाकीच्या झाकणात सोडली जाते, आणि सुरक्षारक्षक एका वहीत टँकरचा क्रमांक आणि वेळ लिहून सही घेतो. महिनाअखेरीला ती वही घेऊन सचिव हिशेबाला बसतात आणि टँकरचा खर्च प्रत्येक सदनिकेच्या देखभाल शुल्कात वाटला जातो. त्याच सदनिकेला मिळकतकराचे बिलही येते. एकाच पाण्यासाठी दोन ठिकाणी पैसे भरणाऱ्या या माणसाला, हद्दवाढ झाली म्हणजे नेमके काय झाले, हे कोणी समजावून सांगावे?

(दृश्य : अमेरिकेचा नकाशा. मिसिसिपी नदी आणि तिच्या काठची दोन शहरे.)

गावे पोटात न घेताही हिशेब एकत्र करता येतो, याचे एक जुने आणि टिकलेले उदाहरण अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात आहे. मिनियापोलिस आणि सेंट पॉल ही जोडशहरे, त्यांच्या परिसरात सात काउंट्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग, आणि त्यांत पावणेदोनशेहून अधिक लहानमोठी स्वतंत्र शहरे व गावे. शाळा आणि नगरपालिका मुख्यतः मालमत्ता करावर चालत असल्यामुळे प्रत्येक गाव बाजारसंकुल आणि कारखाना आपल्याकडे ओढण्यासाठी दुसऱ्याशी झुंजत होते. ज्याच्या वाट्याला महामार्गाचा चौक आला ते श्रीमंत झाले, आणि ज्याच्या वाट्याला केवळ कामगारांची घरे आली त्याला जास्त दराने कर लावूनही पुरेसा पैसा मिळेना.

1971 मध्ये तेथील विधिमंडळाने एक कायदा केला. अनोका या उपनगराकडचे आमदार चार्ल्स वीव्हर यांनी त्यासाठी पुढाकार घेतला होता आणि पुढे त्या कायद्याला त्यांचेच नाव देण्यात आले. त्याची रचना अशी की 1971 मध्ये ज्या गावाकडे जेवढी व्यापारी आणि औद्योगिक मालमत्ता होती तिला हात लावायचा नाही; त्यानंतर तिच्या करपात्र मूल्यात जी वाढ होईल, तिचा 40 टक्के भाग सामाईक खात्यात धरायचा आणि 60 टक्के गावाकडेच ठेवायचा. समजा, एखाद्या गावातील अशा मालमत्तेचे मूल्य तेव्हा 100 होते आणि आज ते 600 झाले, तर वाढ 500 ची आणि सामाईक वाटा 200 चा. हे सामाईक खाते मग लोकसंख्येनुसार सर्वांना वाटले जाते, आणि ज्या गावाची दरडोई मालमत्ता सरासरीहून जितकी कमी, तितका त्याचा वाटा मोठा होतो. कोणाची ग्रामसभा विसर्जित होत नाही आणि कोणाच्या नावाची पाटी उतरत नाही.

विरोध झालाच. बर्न्सव्हिल या उपनगराने न्यायालयात धाव घेतली. आमच्या करदात्यांचा पैसा दुसऱ्या गावाला का, असा त्याचा सवाल होता. 1974 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला आणि 1975 पासून वाटप सुरू झाले. त्याच प्रदेशातील ब्लूमिंग्टन येथे 1992 मध्ये प्रचंड मोठे मॉल ऑफ अमेरिका उघडले, तेव्हा त्या नव्या वाढीतला भागही या नियमाने सामाईक खात्याचाच होता. देणारे आणि घेणारे कायमचे ठरलेले नाहीत, ही या रचनेतील आम्हांला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट आहे. स्वतः मिनियापोलिस शहर काही वर्षे खात्यात अधिक देत होते आणि काही वर्षे खात्यातून अधिक घेत होते. आजचा देणारा उद्या घेणारा होऊ शकतो, म्हणून कायदा टिकला.

हे तंतोतंत आपल्याकडे उचलून आणता येणार नाही, कारण आपल्या करांची घडण वेगळी आहे. परंतु पाया आपल्याकडेही आहे. 74 व्या घटनादुरुस्तीने दहा लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या महानगर क्षेत्रासाठी महानगर नियोजन समिती सांगितली असून तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य त्या क्षेत्रातील नगरपालिकांचे निवडून आलेले सदस्य आणि पंचायतींचे अध्यक्ष यांनी आपल्यामधून निवडायचे आहेत. पाणी आणि इतर नैसर्गिक साधनसंपत्तीचे वाटप हा विषय त्या कलमात स्पष्ट लिहिलेला आहे. कराच्या वाटपाचा उल्लेख त्यात नाही. तो आपल्याला राज्याच्या कायद्यात लिहावा लागेल. मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणापेक्षा ही निवडून आलेली समिती अशा वाटपासाठी अधिक योग्य आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे, कारण ज्याच्याकडून घ्यायचे आणि ज्याला द्यायचे ते दोघेही तेथे समोरासमोर बसतील.

आणि वाटून घेण्याचा अनुभवही आपल्याला नवा नाही. 2007 मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवड यांच्या दोन वेगळ्या बससेवा एकत्र करून पीएमपी स्थापन झाली, तेव्हापासून तिचा संचालन तोटा दोन्ही महापालिका 60 आणि 40 टक्के या प्रमाणात उचलतात. त्या प्रमाणावर कुरबुरी झाल्या, पैसे थकले, हद्दीबाहेर धावणाऱ्या बसचा तोटा कोणी सोसायचा यावर वाद झाले. पण हॅरिस पुलावरची बस थांबली नाही. तोट्याची वाटणी करता येते, तर खराडी, हिंजवडी आणि चाकणकडे उद्या उभ्या राहणाऱ्या व्यापारी व औद्योगिक इमारतींच्या वाढीव करातला ठरावीक भाग सामाईक खात्यात टाकणेही करता येईल. आज जे ज्याच्याकडे आहे ते त्याच्याकडेच राहू द्यावे. उद्याच्या वाढीपासून सुरुवात करावी.

त्या खात्यातील पहिला रुपया कोठे खर्च व्हावा, असे आम्हांला कोणी विचारले, तर आम्ही कॅमेरा घेऊन फुरसुंगीच्या त्या शेतात परत जाऊ आणि तेथली विहीर दाखवू.

(दृश्य : विहिरीचा कठडा. आत डोकावणारा कॅमेरा. पाण्यावर दुपारचे ऊन.)