आभाळ आलंय

मंडळी, मी आज खरं तर गणपतीच्या तयारीबद्दल बोलणार होते, पण मे महिन्यात मुंबईला गेले होते तेव्हाची एक गोष्ट डोक्यातून जातच नाहीये. दादरला आईकडे गच्चीत कुरडया वाळत घातलेल्या, चारच्या सुमाराला एकदम अंधारून आलं आणि आई जिन्यातूनच ओरडली, "अगं आभाळ आलंय, वाळवण उचला!" माझी नऊ वर्षांची लेक अर्धी ओली कुरडई हातात धरून वर बघत उभी. "आजी, आभाळ तर कालपण होतं ना? मग आज कुठून आलं?"

आणि मी आईलाच म्हटलं, "ढग आलेत असं सांग ना, तिला कसं कळणार!" आई तेव्हा गप्प बसली. रात्री ताटावर मात्र म्हणाली, "म्हणजे माझं मराठी चुकलं का गं?" त्यावरून आमची वाजलीच.

परत आल्यावर शब्दकोश काढला. आभाळ आलंय अभ्रावरून, आणि संस्कृतात अभ्र म्हणजे ढगच! आईचं काहीच चुकलं नव्हतं, चुकले मी. आपलं आभाळ येतं, भरतं, एखाद्या घरावर कोसळतं, आणि २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला (कुलाब्याला शंभरसुद्धा नाही) तेव्हा पेपरवाले ढगफुटी लिहीत होते, पण कमरेभर पाण्यातून घरी आलेला माणूस दारात म्हणाला ते "आभाळ फाटलं". मळभ निराळं, ते धड पडत नाही नि हटतही नाही, आमच्या त्या भांडणानंतर दोन दिवस घरात होतं तसं.

राग मानू नका, पण आपल्या रविवारच्या मराठी शाळेतली कार्डं आठवा, पुढे स्काय, मागे आभाळ, एका शब्दाला एकच शब्द, विषय संपला. ती कार्डं मीच कापलीत. "आलंय" कुठल्या कार्डावर लिहायचं ते मला अजून सुचलेलं नाही, कोणाला सुचलं तर चहाच्या वेळी प्लीज सांगा.

परवा व्हिडिओ कॉलवर आईच्या मागची खिडकी काळी झालेली दिसत होती. लेकीने विचारलं, "आजी, तिकडे पाऊस आहे?" आई जरा थांबली आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "नाही बाळा, ढग आले आहेत." माझ्या आईला मी आयुष्यात असं बोलताना ऐकलं नव्हतं.